अंतरपाटाची लेस

४ नोव्हेंबर, मंगळवार

आली बाबा एकदाची इंदूरला! धारहून बसमधे एक काकाजी पूर्ण रस्ता माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. उतरायच्या आधी मी त्यांच्या दोन्ही बुटांच्या लेसा एकमेकांना बांधून दिल्या. म्हटलं लेसचं काम शिकायला चाललोय आपण, तर बोहनी इथूनच करू.

मंगलामावशीचं घर राऊला, नव्या टाउनशिपमधे, सहावा माळा. मला वाटलेलं लेस विणणाऱ्या बाया म्हणजे अंधारी खोली, जाड चष्मे आणि खोकला. इथे तर पांढऱ्या शुभ्र टाइल्स, लिफ्टमधे आरसा आणि बाल्कनीतून पूर्ण हायवे दिसतो. मावशी आईची लांबची बहीण. काका वारले, आता एकटीच बिझनेस चालवते. ब्लाउजच्या बाह्या, उशीचे अभ्रे, टेबलक्लॉथ, देवाचं आसन, सगळ्याच्या काठाला क्रोशाची लेस. माल मल्हारगंजला दुकानात जातो.

मला वाटलं इंटरव्ह्यू होईल, बारावीचं विचारतील, मग मी खोटं बोलेन. पण मावशीने बारावीचं काही विचारलंच नाही. तिला फक्त एक पाहिजे होतं. आईने फोनवर सांगितलेलं की पुन्नी कुणाचीपण सही हुबेहूब मारते, त्यापायी शाळेने हाकललं. मावशीने विचारलं, हाताची नक्कलपण करतेस का? तिने दोन बायांचे दोन तुकडे दिले, बोलली, ह्यांच्यापुढे बोटभर वीण, पण जिचं तिच्यासारखं. मी विणलं. मावशीने चष्मा पुसला, परत बघितलं, परत पुसला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन बसली. बराच वेळ बाहेर आलीच नाही.

खोली मस्त मिळाली. तिच्या मुलीची, स्वानंदीची. ती पुण्याला नोकरी करते म्हणे. फोनची स्क्रीन बसमधेच फुटली, त्यामुळे रील बंद, म्हणून ही डायरी. भोत झालं, झोपते.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज टीमची ओळख. टीम म्हणजे दोन जणी. यमुनाकाकू शेजारच्या बिल्डिंगमधून येतात, जुन्या खिलाडी, बोलतात कमी आणि टोमणे जास्त. दुसरी ईशा, माझ्याच वयाची, इथेच कॉलेजला आहे, सकाळी क्लास आणि दुपारी लेस. तिला भूत, पाल आणि लिफ्ट तिन्हीची भीती वाटते. म्हणजे माझी तर लॉटरीच लागली.

काकूंनी सांगितलं की विणणं कुणालापण येतं, पण हात प्रत्येकीचा वेगळा. त्यांचा हात सैल आहे पण एकसारखा. ईशाचा हात घाबरट, दर चार टाक्यांनंतर धागा आवळते. माझं बघून बोलल्या, तुझा हात म्हणजे चाळणी, पीठ पण गळेल ह्यातून. मी बोलली, काकू, गहूपण गळतील.

दुपारी सगळ्या जेवायला बसल्या तेव्हा मी ईशाचा अभ्रा उचलला आणि चार बोटं विणून ठेवला, तिच्यासारखंच घाबरट. आली तर बघतच राहिली. काम पुढे गेलेलं! मी डोळे मोठे करून बोलली, अरे यार, ह्या फ्लॅटमधे कुणीतरी आहे वाटतं. पाणी प्यायला एकटी किचनमधे जाईना.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पकडली गेली. काकूंनी ईशाचा अभ्रा उजेडात धरला, मग माझ्याकडे बघितलं. नक्कल पकडू नाही शकल्या, पण माझं तोंड वाचता येतं त्यांना.

हसल्या नाहीत. बोलल्या, क्रोशात सुईवर एकच फंदा असतो, धाग्याचा एकच फास. एवढा मोठा चादरीचा घेर असला तरी जिवंत तो एकच. तो सोडला आणि धागा ओढला तर सगळं उसवतं. म्हणून काम खाली ठेवताना फंदा लांब ओढून ठेवायचा, आणि जिचा फंदा तिनेच उचलायचा. दुसरीचा उचलायचा नाही.

मी विचारलं, उचलला तर? ईशा बोलली, तर काकू टोमणा मारतात. काकूंनी फक्त शेल्फच्या वरच्या कप्प्याकडे बघितलं. तिथे स्टीलचा चौकोनी डबा आहे, फराळाचा असतो तसा.

संध्याकाळी मावशीला डब्याचं विचारलं. तिने तो स्वतः उतरवला, उघडून दाखवला. आत अंतरपाट! पांढरं सिल्क, मधे कुंकवाचं स्वस्तिक, आणि काठाला लेस. आईशप्पथ, अशी लेस मी बघितली नाही. दाताने चावल्यासारखी घट्ट, प्रत्येक कंगोरा तांदळाएवढा, आणि दर थोड्या अंतराने एक कंगोरा जरासा डावीकडे झुकलेला, जसं कुणी मान वळवून बघतंय. तीन बाजू पूर्ण. चौथी अर्धी राहिलेली, फंदा लांब ओढलेला, सुई त्यातच.

मावशी बोलली, स्वानंदीचं आहे, आल्यावर पूर्ण करेल. तू हात लावू नकोस बरं का, पुन्नी.

मला कुणी असं सांगतं का?

९ नोव्हेंबर, रविवार

मावशी भिशीला गेली. मी डबा उतरवला.

आधी नुसतं बघत बसली. धागा कुठे आवळलाय, कुठे सोडलाय. झुकलेल्या कंगोऱ्याचा क्लू सापडला, तिथे ती साखळीचा एक टाका कमी घेते. चूक नाही, सवय आहे. मग फंदा उचलला. पहिला कंगोरा जड गेला, नंतर हात असा चालू लागला जसं उतारावर सायकल. चार कंगोरे घातले. स्वानंदी स्वतः आली तरी ओळखणार नाही.

आता मावशी डबा उघडेल आणि बोंबलेल. मी तर पॉपकॉर्न घेऊन बसणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

पूर्ण पोपट झाला. माझाच.

मावशीने सकाळी पूजेनंतर डबा उघडला. मी दाराआडून बघत होती. तिने शेवटच्या कंगोऱ्यांवरून बोट फिरवलं, झाकण लावलं, डबा होता तिथे ठेवला. किंचाळणं नाही, माझी हजेरी नाही. मग किचनमधे जाऊन गराडूच्या कंदाच्या फोडी तळल्या आणि पहिली प्लेट मला दिली. वर जीरावन मसाला टाकताना गुणगुणत होती.

मला हे आवडलं नाही. मी मस्ती करते आणि समोरचा खुश होतो, असं आजपर्यंत झालं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डब्यात माझे चार कंगोरे होते. आता त्यापुढे बोटभर लेस आहे.

ईशा. दुसरं कोण! माझ्यावर उलटा डाव टाकते आहे. पण ईशाला तो हात येईल का, तिचा तर मांजरीला बघूनपण धागा तुटतो. मग काकू? मग मावशी? मावशीला तर क्रोशे येतच नाही, तिने सांगितलंय, ती फक्त कापते आणि हिशोब बघते.

आज तिघींची बोटं बघून राहिली होती मी. काकूंनी विचारलं, काय गं, अंगठ्या चोरायच्यात का?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल झाकणाच्या खालून चमच्याने हळद फासून ठेवली, माझ्या बोटांना लागू न देता. जी उघडेल तिची बोटं पिवळी. एकदम सीआयडी.

दुपारी जेवायला बसलो. ईशाची बोटं साफ. काकूंची साफ. मावशीची साफ. मी पोळी तोडायला हात पुढे केला तर ईशा बोलली, पुन्नी, तू आज भाजी केलीस का?

माझी पिवळी. नखांपर्यंत.

म्हणजे कुणीतरी झोपेत माझ्या बोटांना फासली. हे बढिया आहे. मी असते तर हेच केलं असतं.

अंतरपाटाची लेस आणखी वाढलीय.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता मजा येत नाहीये.

माझा स्वतःचा उशीचा अभ्रा, चाळणीवाला, कालपर्यंत मोठ्ठी मोठ्ठी भोकं होती. आज सकाळी विणायला बसली, हात ढिला सोडला, मुद्दाम सोडला, तरी टाके घट्ट. तांदळाएवढे. आणि एक कंगोरा डावीकडे झुकला. मी उसवला, परत घातला. परत झुकला.

ईशाला दाखवलं. ती चिडली. बोलली, बस कर आता, दुसरीच्या हाताची नक्कल करतेस आणि मलाच घाबरवतेस. मी शपथ घेतली. ती बोलली, तुझ्या शपथेवर तर कचरागाडीवाला पण विश्वास नाही ठेवणार.

आणि मी चहात साखर नाही टाकली. मला कळलंच नाही. मी, जिच्या चहात चमचा उभा राहतो. मावशीने कप समोर ठेवला आणि बघत राहिली. पिऊन संपवला तेव्हा तिचे डोळे भरले होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काकूंना लिफ्टमधे गाठलं. दोन माळ्यांच्या मधे स्टॉपचं बटण दाबलं आणि बोलली, सांगा, नाही तर मी इथेच बसते.

स्वानंदी पुण्याला नाही. कधी गेलीच नव्हती. लग्न ठरलेलं, घरात केळवणं सुरू, आणि ती स्वतःच्या लग्नाचा अंतरपाट स्वतः विणत होती. कुणाला एक टाका घालू द्यायची नाही. मग डेंग्यू. लग्नाच्या आठवड्यातच गेली. सुई हातातून काढली तेव्हा फंदा लांब ओढलेला होता. म्हणजे परत उचलायच्या तयारीनेच ठेवलेलं तिने.

त्यानंतर मावशी पोरी आणत राहिली. खंडव्याची, बऱ्हाणपूरची, देवासची. प्रत्येकीला आधी दुसरीच्या हाताचा तुकडा विणायला लावायची. एकीलापण जमलं नाही. तरी मावशी अंतरपाट पुढे करायची, पण त्या पोरी आपल्याच हाताने विणायच्या आणि फंदा त्यांना धरत नव्हता, साधं काम राहायचं, काकू उसवून टाकायच्या. मी आली त्या दिवशी मावशी काकूंना फोन करून एकच शब्द बोलली, मिळाली.

मी विचारलं, मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? काकू लिफ्टच्या आरशात बघून बोलल्या, सांगितलं की, दुसरीचा फंदा उचलू नकोस. मी रडकुंडीला आली. लेस पूर्ण फिरून जिथून सुरू झाली तिथे मिळाली तर काय? काकू बोलल्या, अंतरपाट तयार झाला की काय करतात, पुन्नी? धरतात. दोघींच्या मधे.

सुटायचं कसं, हेपण सांगितलं. जेवढं मी घातलं तेवढंच उसवायचं. एक टाका कमी नाही, आणि तिच्या एका टाक्याला धक्का नाही.

मग तर सोप्पं आहे. उद्याच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मावशी दिवसभर घरात. डब्याजवळच बसून. माझ्याकडे बघून हसते.

ईशाच्या फोनवरून आईला फोन लावला. सगळं सांगितलं. आई बोलली, परत नाटकं सुरू? गेल्या वेळी तुला साप चावला होता, त्याच्या आधी किडनॅप झाली होतीस. महिनाभर टिक तिथे. फोन ठेवला. तिचं काही चुकलं नाही. मीपण ठेवला असता.

दुपारी बॅग घेऊन निघाली. गंगवाल बसस्टँडला जायचं, धारची बस धरायची. सिटी बसमधे बसली, खिडकी मिळाली, हवा लागत होती.

मग मी मल्हारगंजमधे उभी होती. सुताच्या दुकानात. हातात पांढऱ्या धाग्याचा गोळा, तोच नंबर, तोच बारीक. धागा मी हनुवटीवर घासून बघत होती, किती गुळगुळीत आहे ते. असं मी आयुष्यात केलं नाही. दुकानदार बोलला, बहुत दिन बाद आए दीदी, मैं तो हाथ देखकर ही पहचान गया.

तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. हाताकडे बघत होता.

राऊला परत कशी आली, आठवत नाही. मावशीने दार उघडलं, गोळा घेतला, बोलली, पुरेल एवढा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मावशी आंघोळीला गेली तेव्हा डबाच उचलला, खाली धावली. कचरागाडी गाणं वाजवत उभी होती. फेकला. गाडी निघून गेली, मी सोसायटीच्या गेटवर नाचली अक्षरशः.

अर्ध्या तासात बेल. गाडीवाले भिया वर आले, डबा घेऊन, पुसून, त्यावर कोरलेलं मावशीचं नाव वाचून. बोलले, मॅडम, ओला-सुका अलग करताना दिसला, इतना बढिया सामान कोई फेंकता है क्या, गलती से आ गया होगा. मावशीने त्यांना चहा दिला, दोन लाडू दिले.

ह्या शहरात साला काही हरवतपण नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मावशी दुकानात गेली. डबा काढला. चौथी बाजू जवळजवळ पूर्ण. एक कोपरा राहिलाय.

फंदा सोडला, धागा ओढायला लागली. सरसर उसवतं. मग थांबली. कुठपर्यंत?

माझे पहिले चार कंगोरे कुठून सुरू होतात? बघितलं. उलटं करून बघितलं. उजेडात धरलं. बोटाने, जिभेने. सांधाच नाही. ईशाला बोलावलं, हात जोडले, अबकी बार मस्ती नाही. तिने बघितलं आणि बोलली, यार, हा तर पूर्ण एकाच हाताचा आहे. काकूंनी चष्मा लावून, काढून बघितलं. मान हलवली. बोलल्या, एवढी चांगली नक्कल कशाला केलीस गं बाई.

अंदाजाने ओढत गेली. एक कंगोरा. आणखी एक. मग अडकला. मी हात थांबवला तरी धागा ताठ. मी ओढत नव्हती. कापडाच्या पलीकडून कुणीतरी ओढत होतं, हळू, जशी आपण पतंगाला ढील देऊन परत खेचतो.

ईशा पळाली. चपलापण नाही घातल्या. काकू देवाचं नाव घेत गेल्या. मी धागा सोडला.

उसवलेलं सगळं परत विणलेलं आहे. मी जेवून आली तेवढ्यात.

२१ नोव्हेंबर

ईशा येत नाही. काकू येत नाहीत. दारावर आतून कुलूप.

हिरव्या बांगड्या आणल्या मावशीने. माझा हात मोठा आहे, कधी बसत नाहीत. बसल्या. खळकन. एकपण फुटली नाही.

एक गोष्ट समजली. लिहीत असते तोपर्यंत उजवा हात सुईकडे जात नाही. पेन सोडला की जातो. म्हणून लिहिते. काहीपण. पुन्नी. पूर्णिमा. धार. आमच्या गल्लीत कुत्रा आहे त्याचं नाव ठोक्या. मी त्याच्या शेपटीला डबा नाही बांधला कधी, बाकी सगळ्यांच्या बांधला. पुन्नी. पुन्नी.

जेवताना पेन ठेवला. कोपरा वळला.

२२ नोव्हेंबर

आज सकाळी फार प्रसन्न वाटले. खिडकीतून ऊन आत आले होते. आईने केसांना तेल लावून दिले. केळवणाला कोणती साडी नेसावी, ह्यावर आम्ही दोघी बराच वेळ

नाही नाही नाही. हे मी नाही लिहिलं. मी असं लिहीतच नाही. कोणती आई — माझी आई धारला —

पुन्नी. कुत्र्याचं नाव — मागचं पान बघितलं. ठोक्या. ठोक्या. बघावं लागलं —

वहीतली अक्षरंपण डावीकडे —

२३ नोव्हेंबर, दुपार

उन्हाचं एवढं लख्ख आहे सगळं. हॉलमधे पाट मांडलाय. मी उभी. डायरी हातात घट्ट. लिहितेय. सोडणार नाही.

फक्त एक टाका राहिलाय. शेवटचा फंदा सुईवर लोंबतोय, माझ्या हाताजवळ. तो पहिल्यात अडकवला की घेर पूर्ण. मी नाही अडकवणार. पेन आहे हातात. पेन आहे.

मावशीने अंतरपाट धरलाय. एक टोक तिच्या हातात. दुसरं टोक कुणी धरलेलं नाही. तरी ताठ आहे.

मावशीच्या मुठीत अक्षता. रडून राहिली आहे, हसून राहिली आहे. बोलते, बाळा, किती वाट बघायला लावलीस.

माझ्याशी नाही बोलत. पलीकडे — नाही, माझ्याशीच. माझ्याकडे बघून. मग पलीकडे कोण —

खाली फट आहे. पाय दिसतात पलीकडचे.

काळ्या धाग्याचं पैंजण. तुटलेलं घुंगरू. अंगठ्याला निम्मं उडालेलं निळं नेलपेंट. ते पाय ओळखते मी. मी बसमधे लावलेलं ते नेलपेंट, गचके खात, अर्धं चपलेवर —

ते माझे पाय आहेत.

मग इकडे जे उभे आहेत —

खाली बघत नाही. बघत नाही. लिहिते. पेन थंड लागतो. पातळ. टोकाला क्रोशाच्या सुईचा आकडा असल्यासारखा — पेनला आकडा कुठे अस